पाकिटावर ३२००, आत किती?

 

आजचा विषय जरा वेगळा आहे. आज चिकूच्या चकत्या नाहीत, सुकटीचं पॅकिंग नाही आणि कर्जाचा हप्ताही नाही. आज बोलायचं आहे संगणकाबद्दल. सुटे भाग आणून नवा जोडलेला संगणक गटात आला, की त्यात दोन कामं करायची असतात. एक, त्याचे ड्रायव्हर घालायचे. दुसरं, त्याच्या रॅमचा वेग बघायचा आणि लावायचा. ही दोन कामं पुष्कळदा अर्धवट राहतात. म्हणून वही-पेन घेऊन बसा. काही शब्द नवे वाटतील, पण एकदा लिहून घेतले की तुमचेच.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याला कशाला? दुकानदार जोडून देतो, विंडोज घालून देतो, पडदा उजळला की झालं. खरं आहे, पडदा उजळतो. पण मग चार दिवसांनी प्रिंटर चालत नाही, आवाज येत नाही, अक्षरं फुगलेली दिसतात, यंत्र रखडत चालतं. बाया म्हणतात, "आपल्याला नाही बाई जमत." आणि संगणकावर प्लॅस्टिकचं कव्हर चढतं ते कायमचं. पैसे कुणाचे गेले? दर महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकणाऱ्या बायांचे.

आमच्या गटानं संगणक घेतला तो तीन कामांसाठी. गटाचा हिशोब आणि ठराव लिहायला, मालाची लेबलं छापायला, आणि रेडिओवरच्या या भाषणांचं रेकॉर्डिंग कापून जोडून नीट करायला. लॅपटॉप न घेता जोडलेला घेतला, कारण त्याचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. आपल्या माहीमची हवा खारी. सायकलची चेन आणि पत्र्याचा डबा इथे किती दिवस टिकतो ते आपण बघतोच. तेव्हा उघडता येईल, पुसता येईल, भाग बदलता येईल असंच यंत्र आपल्याला बरं.

सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आले. ग्रँट रोड स्टेशनला उतरलं की जवळच हा बाजार. रस्त्याचं आताचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण सगळे जुन्याच नावानं ओळखतात. प्रोसेसर रायझन ५ मालिकेतला ५६००जी. पडद्यावर चित्र दाखवायची सोय त्याच्या पोटातच असल्यामुळे वेगळं ग्राफिक कार्ड घ्यावं लागलं नाही. रॅम १६ जीबी, म्हणजे आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या. पट्टीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ३२००. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्यावरून गटात काय झालं ते सांगणार आहोत.

आधी ड्रायव्हर. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे माहीम-पालघर रस्त्यावरचा रिक्षावाला येतो. संगणकातला ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा नाही, दुभाषा म्हणा. बोईसरच्या कारखान्यांत बघा, कामगार कुठून कुठून आलेले. कुणी ओडिया बोलतो, कुणी भोजपुरी. साहेबाचं म्हणणं त्यांना कळायला मध्ये दोन्ही भाषा येणारा माणूस लागतो. तसंच इथे. विंडोज हा साहेब. साउंडचा भाग, इंटरनेटचा भाग, प्रिंटर, हे कामगार. प्रत्येकाची बोली वेगळी. मधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. तो एक छोटा प्रोग्रॅम असतो आणि तो भाग बनवणारी कंपनीच तो फुकट देते. फुकट, हा शब्द अधोरेखित करा.

माउस आणि कीबोर्ड लावल्या लावल्या चालतात, कारण ते सगळ्यांनी मान्य केलेली एक साधी भाषा बोलतात आणि ती विंडोजला आधीपासून येते. बाकीच्या भागांचं तसं नाही.

आता क्रम. पहिलं काम संगणक सुरू करायच्या आधीचं. खोकी फेकू नका. मदरबोर्डच्या खोक्यावर त्याचं पूर्ण नाव असतं, अक्षरं आणि आकडे सगळं. ते जसंच्या तसं वहीत उतरवा. मागचं एक अक्षर वेगळं असलं तरी बोर्ड वेगळा आणि ड्रायव्हरही वेगळा. प्रोसेसरचं, रॅमचं, प्रिंटरचं नावही लिहून ठेवा. बिलं एका पाकिटात घाला.

मग ज्या कंपनीचा मदरबोर्ड, तिच्याच वेबसाईटवर जायचं. तिथे बोर्डाचं नाव टाकलं की 'सपोर्ट' नावाखाली ड्रायव्हरची यादी मिळते. खोक्यात कधी कधी ड्रायव्हरची सीडी असते. तिच्यावर विसंबू नका. एक तर नव्या संगणकाला सीडी घालायची जागाच नसते, आणि सीडीवरचा ड्रायव्हर जुना असतो.

इथे एक गंमतीची अडचण येते. ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट चालायला ड्रायव्हर हवा. विहिरीत उतरायची दोरी विहिरीतच पडली, तसं. यावर दोन उपाय आहेत. पहिला, दुसऱ्या संगणकावरून इंटरनेटचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवायचा. दुसरा त्याहून सोपा. अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या वायरीनं संगणकाला जोडायचा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटजवळ 'यूएसबी टेदरिंग' असतं, ते चालू करायचं. बहुतेक वेळा मोबाइलचं इंटरनेट लगेच संगणकात येतं. मात्र मोबाइलचा डेटा भराभर संपतो, म्हणून आधी फक्त लॅन आणि वायफायचा ड्रायव्हर घ्या, बाकीचं नंतर.

आता घालायचा क्रम. पहिल्यांदा 'चिपसेट'चा ड्रायव्हर. हा मदरबोर्डवरच्या भागांची विंडोजला ओळख करून देतो, म्हणून मान त्याचा पहिला. मग लॅन आणि वायफाय. मग ग्राफिक, म्हणजे चित्राचा. मग ऑडिओ, म्हणजे आवाजाचा. संगणक 'रीस्टार्ट करू का' विचारतो, तेव्हा करू द्या. 'नंतर' म्हणून पुढे ढकलू नका.

हे झालं की विंडोजच्या सेटिंगमध्ये 'विंडोज अपडेट' उघडा. सगळी अपडेट घ्या. मग तिथेच 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि त्यात 'ऑप्शनल अपडेट्स' असतं. तिथेही काही ड्रायव्हर थांबलेले असतात. एखादा भाग अजून चालत नसेल तर त्याचा ड्रायव्हर तिथे सापडतो का बघा.

सगळे दुभाषे हजर झाले की नाही, हे कसं कळणार? त्यासाठी हजेरीपट आहे. पडद्याच्या खालच्या बाजूला स्टार्टचं बटण असतं, त्यावर माउसचं उजवं बटण दाबा. यादीत 'डिव्हाइस मॅनेजर' दिसेल. तो उघडला की यंत्रातल्या सगळ्या भागांची नावं येतात. एखाद्या नावावर पिवळा त्रिकोण आणि त्यात उद्गारचिन्ह असेल, किंवा 'अननोन डिव्हाइस' असं लिहिलेलं असेल, तर त्याचा दुभाषा आलेला नाही. 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली काय लिहिलंय तेही बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असेल तर चित्राचा खरा ड्रायव्हर अजून घातलेला नाही. विंडोज कामापुरतं चित्र दाखवतंय एवढंच. अक्षरं फुगलेली आणि व्हिडिओ अडखळत चालायचं कारण पुष्कळदा हेच असतं. पडदा खराब आहे म्हणून दुसरा आणायला धावू नका.

प्रिंटरचं एक वेगळं सांगायचं. काही प्रिंटरची वायर आधी लावायची नसते. आधी त्याचा ड्रायव्हर घालायचा, तो 'आता वायर लावा' म्हणाला की मग लावायची. माहितीपत्रकात हे चित्रासकट दिलेलं असतं. ज्या ताई बँकेचं काम करतात, बोटांचा ठसा घ्यायचं यंत्र वापरतात, त्यांना तर माहीतच आहे. त्या यंत्राला नुसता ड्रायव्हर पुरत नाही, त्याची 'आरडी सर्व्हिस'ही लागते. तीही यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्यायची.

आता सावधगिरी. ड्रायव्हर शोधायला जाल तेव्हा पडद्यावर जाहिराती येतील, "तुमचे बारा ड्रायव्हर जुने झाले, एका बटणात सगळे दुरुस्त करा." दाबू नका. असे प्रोग्रॅम आधी घाबरवतात, मग पैसे मागतात. काही तर ड्रायव्हरच्या नावाखाली भलतंच काही आत सोडतात. ज्या यंत्रावर गटाचं खातं आणि बायांचे आधार क्रमांक आहेत, त्यात अनोळखी पाहुणा कशाला? नियम साधा आहे. भाग ज्याचा, ड्रायव्हर त्याच्याकडून, नाहीतर विंडोज अपडेटमधून. तिसरीकडून नाही. तसंच विंडोजचं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवा संगणक घेताना विंडोज ११ घ्या, अस्सल घ्या आणि तसं बिलावर लिहून मागा.

ड्रायव्हरचं झालं. आता रॅम, आणि तो ३२०० चा आकडा.

आमच्या मासिक बैठकीत हा विषय निघाला. एका ताईंचा कॉलेजात जाणारा मुलगा संगणक बघून गेला होता. त्यानं 'सीपीयू-झेड' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घालून बघितलं. रॅमच्या पुढे आकडा आला १०६६. झालं. पाकिटावर ३२०० आणि आत १०६६. म्हणजे तीन हिश्शांतला एकच हिस्सा? बैठकीत कुजबुज सुरू झाली. दुकानदारानं फसवलं, इथून सुरुवात झाली. मग, बिलावर सही कुणाची? कोषाध्यक्ष ताईंची. मग कुणी म्हणालं, त्या एकट्याच गेल्या होत्या का मुंबईला? दोघी गेल्या होत्या, पण आकडा समोर असला की हे कोण ऐकतं? ताई गप्प बसल्या. दहा वर्षं गटाचा पैसा सांभाळणारी बाई एका आकड्यामुळे मान खाली घालून बसली.

मैत्रिणींनो, बचत गट रुपयावर चालतो असं आपण म्हणतो, पण तो चालतो विश्वासावर. म्हणून त्या आकड्याचा अर्थ नीट समजून घेऊ.

रॅम म्हणजे काय? रॅम म्हणजे ओटा. कपाटात डबे भरपूर असतात, पण स्वयंपाक करताना लागेल तेवढं ओट्यावर काढून ठेवतो. संगणकाचं कपाट म्हणजे त्याची डिस्क, आणि ओटा म्हणजे रॅम. ओटा किती मोठा, ते जीबीत सांगतात. ओट्यावरून सामान किती चपळाईनं हाती येतं, तो वेग. ३२०० हा आकडा त्या वेगाचा आहे.

आता १०६६ चं कोडं. आजच्या रॅमला डीडीआर म्हणतात. त्याचा अर्थच असा, की घड्याळाच्या एका ठोक्यात ती दोनदा सामान देते. जाताना एकदा आणि येताना एकदा. झोपाळ्यासारखं. सीपीयू-झेड ठोके दाखवतो आणि पाकिटावर फेऱ्या लिहिलेल्या असतात. म्हणून सीपीयू-झेडच्या आकड्याची दुप्पट करायची. १०६६ ची दुप्पट, वरचे अपूर्णांक धरून, २१३३. म्हणजे तीन हिश्शांतला एक हिस्सा ही गोष्ट खोटी. हे निम्मं भांडण इथेच मिटलं.

पण निम्मं उरलं. कारण २१३३ म्हणजे ३२०० नव्हेच. तीन हिश्शांतले दोन हिस्से. मग बाकीचा एक हिस्सा गेला कुठे?

कुठेही गेलेला नाही. तो पट्टीतच आहे, फक्त मागितलेला नाही. त्याचं असं आहे. रॅम वेगवेगळ्या कंपन्या बनवतात आणि मदरबोर्ड वेगळ्याच. कुठलीही पट्टी कुठल्याही बोर्डात बसली तरी यंत्र सुरू व्हायला हवं. म्हणून जेडेक नावाची एक संस्था सगळ्यांसाठी ठरावीक वेग आणि नियम लिहून देते. आमच्या संगणकात आहे त्या डीडीआर४ रॅमचे नियम तिनं २०१२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यापुढच्या डीडीआर५ चे २०२० मध्ये. प्रत्येक पट्टीवर एक बारीक चिप असते. तिच्यात त्या पट्टीची कुंडली लिहिलेली असते. बोर्ड चालू झाला की आधी ती कुंडली वाचतो आणि त्यातला नियमातला, सांभाळून चालायचा वेग लावतो. आमच्या पट्टीत तो २१३३ होता.

पाकिटावरचा ३२०० हा त्याच कुंडलीतला दुसरा वेग. पट्टी बनवणाऱ्यानं तपासून लिहिलेला. त्याला 'एक्सएमपी' म्हणतात. इंटेल कंपनीनं ही पद्धत २००७ मध्ये आणली. एएमडीच्या प्रोसेसरच्या बोर्डांवर याच गोष्टीला कुठे 'डीओसीपी', कुठे 'ए-एक्सएमपी' असं नाव दिसतं. डीडीआर५ साठी एएमडीनं २०२२ मध्ये 'एक्सपो' नावाची स्वतःची पद्धत आणली. नावं चार, काम एक. हा वेग आपणहून लागत नाही, आपण लावायचा असतो. सगळ्याच पट्ट्यांना हे लागतं असंही नाही. काही साध्या पट्ट्यांच्या कुंडलीत नियमातलाच वेग ३२०० असतो, त्या बोर्डानं आणि प्रोसेसरनं झेपवलं तर आपणहून ३२०० ला चालतात. म्हणून आधी बघायचं आणि मगच हात लावायचा.

बघायचं कसं? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी'. उजवीकडे खाली 'स्पीड' लिहिलेलं असतं. हा आकडा दुप्पट करायचा नाही, तो आधीच फेऱ्यांचा असतो. तिथेच 'स्लॉट्स यूज्ड' असतं, म्हणजे किती खाचांत पट्ट्या आहेत. एक गोष्ट आणखी दिसेल. १६ जीबी रॅम असून वापरायला थोडी कमी दिसेल. ही चोरी नाही. वेगळं ग्राफिक कार्ड नसलं की चित्राच्या कामाला रॅममधलाच थोडा भाग राखून ठेवतात. 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' म्हणून तो तिथेच मांडलेला असतो.

वेग लावायच्या आधी पट्ट्या बरोबर खाचांत आहेत का ते बघा. संगणक बंद करून, प्लग काढून मगच झाकण उघडायचं. बोर्डावर चार खाचा असतील आणि पट्ट्या दोन, तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्या बसवायच्या असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं, तेच प्रमाण माना. दोन पट्ट्या नीट बसल्या की दोन वाटांनी सामान येतं. एकच पट्टी असली की एकच वाट. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घेतलेल्या बऱ्या, त्याही एकाच पाकिटातल्या, एका जातीच्या. एक २६६६ ची आणि एक ३२०० ची घातली तर दोन्ही २६६६ नंच चालतील. दिंडीत सगळ्यांत हळू चालणाऱ्या आजीच्या पावलानं सगळ्यांना चालावं लागतं, तसंच.

आता वेग लावू. संगणक चालू करताच डिलीट किंवा एफ २ हे बटण टकटक दाबत राहायचं. विंडोजऐवजी वेगळाच पडदा येतो, त्याला बायोस म्हणतात. घाबरू नका. इथे फक्त एकाच ठिकाणी हात लावायचा आणि बाकी काही बदलायचं नाही. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे आधी काय होतं ते कळेल. मग एक्सएमपी, डीओसीपी, ए-एक्सएमपी, एक्सपो, यांपैकी जे नाव दिसेल ते शोधा. त्यापुढे 'डिसेबल्ड' असेल. ते 'प्रोफाइल १' किंवा 'एनेबल्ड' करा. मग एफ १० दाबायचं, म्हणजे बदल जपून संगणक पुन्हा सुरू होतो. काही बोर्डांत बटणं वेगळी असतात, ती खालच्या ओळीत लिहिलेली असतात.

आमच्याकडे हे करायला दोन मिनिटं लागली. पुढच्या बैठकीत कोषाध्यक्ष ताईंनीच टास्क मॅनेजर उघडून सगळ्यांना आकडा दाखवला. ३२००. मग त्या मुलाचा सीपीयू-झेड उघडला. १६००. सगळ्या बायांनी मिळून दुप्पट केली. कुणाला वेगळं काही बोलावं लागलं नाही. एक रुपयाही खर्च झाला नाही. नाहीतर "रॅम कमी पडते, आणखी एक पट्टी घ्या" असा सल्ला आम्हाला एका ठिकाणी मिळाला होताच.

यातून किती फरक पडतो, तेही प्रामाणिकपणे सांगतो. २१३३ ला दोन पट्ट्या मिळून सेकंदाला सुमारे ३४ जीबी सामान देऊ शकतात, ३२०० ला सुमारे ५१ जीबी. पण नुसतं ठराव टाइप करताना किंवा हिशोब भरताना हा फरक तुम्हाला फारसा जाणवणार नाही. जाणवतो तो चित्राच्या कामात. आमच्यासारखं ग्राफिक प्रोसेसरच्या पोटातच असेल तर ते याच रॅमवर जगतं. म्हणून मोठी चित्रं आणि व्हिडिओ यांत हालचाल मोकळी होते. तेव्हा वेग लावला म्हणजे जादू होईल असं समजू नका. पैसे मोजून घेतलेली वस्तू पूर्ण वापरात आली, एवढाच त्याचा अर्थ.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. वेग लावला म्हणजे काम संपलं नाही. तो वेग यंत्राला झेपतो का, हे तपासल्याशिवाय त्यात गटाचा हिशोब भरू नका. पट्टी, बोर्ड आणि प्रोसेसर तिघांनाही तो वेग पेलायला हवा. पेलला नाही तर कधी संगणक चालूच होत नाही. ते बरं, निदान कळतं तरी. कधी मध्येच पडदा निळा होऊन यंत्र बंद पडतं. कधी फाईल उघडत नाही. आणि क्वचित एखादा आकडाच बदलून जातो आणि कुणाला कळतही नाही, कारण आपल्या साध्या संगणकातली रॅम स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करत नाही. एखादीच्या हप्त्याचा आकडा बदलला तर काय होईल ते आपल्याला सांगायला नको.

तपासणी दोन प्रकारची. पहिली विंडोजमध्येच असते, 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक'. स्टार्टमध्ये हे नाव इंग्रजीत टाइप केलं की मिळते. संगणक पुन्हा सुरू होतो, तपासतो आणि विंडोज उघडल्यावर निकाल सांगतो. दुसरी जास्त कडक, 'मेमटेस्ट८६'. ती पेनड्राइव्हवर घालून त्यावरून संगणक सुरू करायचा आणि रात्रभर चालू द्यायची. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य हवं. एकसुद्धा चूक चालणार नाही. तांदळात दोन खडे चालतील, पण इथे नाही.

चूक आली तर तीन पायऱ्या. आधी बायोसमध्ये जाऊन वेग एक पायरी खाली आणा, ३२०० चा २९३३ करा आणि पुन्हा तपासा. मग पट्ट्या काढून त्यांची सोनेरी कड कोरड्या मऊ फडक्यानं हलकेच पुसा आणि टक आवाज येईपर्यंत नीट बसवा. आपल्या खाऱ्या हवेत याचा पुष्कळदा उपयोग होतो. तरीही, अगदी नियमातल्या वेगावरसुद्धा चूक येत असेल, तर पट्टीच खराब आहे. बिल घ्या आणि वॉरंटीत बदलून मागा. तो आपला हक्क आहे.

वेग लावल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरून भाग उपटू नका. काही मिनिटं थांबा. बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करतो आणि पुष्कळदा आपणहून जुन्या वेगावर परत येतो. डीडीआर५ ची रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू होतानाही काही मिनिटं काळा पडदा राहू शकतो, कारण बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. तरी चालू झालं नाही, तर प्लग काढून बोर्डावरची नाण्यासारखी गोल बॅटरी काढा, पाच-दहा मिनिटांनी परत बसवा. बायोस आपलं सगळं विसरतं आणि पहिल्यासारखं सुरू होतं.

आणि एक. कुणी सांगेल, बायोस अपडेट करून घ्या. त्यानं कधी कधी रॅमची अडचण सुटते, हे खरं आहे. पण ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. यूपीएस असेल तरच, आणि गरज असेल तरच, त्या वाटेला जा.

शेवटचं काम नोंदीचं. गटाच्या नोंदवहीत एक पान संगणकाचं करा. भागांची पूर्ण नावं, बिलाची तारीख, वॉरंटी कधीपर्यंत, कुठले ड्रायव्हर कोणत्या तारखेला घातले, रॅमचा वेग किती ठेवला, तपासणीचा निकाल काय. सगळे ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर घालून तो कपाटात ठेवा. आणि हे सगळं किमान दोघींना आलं पाहिजे. एकीलाच आलं तर ती माहेरी गेली की संगणक बंद. आमच्याकडे आता एका वेळी दोघी बसतात. एक बटण दाबते, दुसरी वहीत लिहिते. पुढच्या महिन्यात लिहिणारी दाबते आणि तिसरी लिहायला बसते.

तर मैत्रिणींनो, गटात नवा संगणक आला की तीन गोष्टी बघायच्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकही पिवळा त्रिकोण नको. टास्क मॅनेजरमधला वेग पाकिटावरच्या आकड्याशी जुळायला हवा, नसेल तर का नाही ते आपल्याला ठाऊक हवं. आणि तपासणीत चुका शून्य हव्यात. या तीन गोष्टी दुकानदारासमोर, पैसे देण्यापूर्वी बघितल्या तर आणखी उत्तम. त्यात संकोच कसला? बाजारात आपण पापलेटाचे कल्ले उघडून बघतोच की.

कुणाच्या गटात संगणक कव्हरखाली पडून असेल तर या आठवड्यात ते कव्हर काढा आणि हजेरीपट उघडून बघा. काही अडलं तर आमच्या बैठकीला या, वही घेऊन या. पुढच्या वेळी आपण याच संगणकावर मराठी टाइप करायला शिकू. त्यासाठी विंडोजमध्ये सोय आधीच आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.